शाळेच्या स्क्विड प्रॉक्सीची देखभाल-पुस्तिका मराठीत लिहिते आहे: काय ठेवावे, काय गाळावे?

साखळीची_लॅब

नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची जबाबदारी गेल्या जूनपासून माझ्याकडे आहे. दोन खोल्यांत मिळून ४६ संगणक आहेत, सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि बाहेरचे इंटरनेट त्यांना एकाच सर्व्हरवरील स्क्विड प्रॉक्सीतून, म्हणजे सगळ्यांच्या वतीने पाने मागवून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, मिळते. हा सर्व्हर ज्या सरांनी उभा केला, ते निवृत्त झाले आहेत. जाताना त्यांनी अकरा छापील पानांची इंग्रजी टिपणे माझ्या हाती दिली आणि त्या पानांवरच मी इतके दिवस काम चालवले.

चतुर्थीच्या सुट्टीत मी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली. शाळा उघडली त्या दिवशी स्क्विड सुरूच होईना. ‘एसीएल मॅनेजर प्रोटो कॅश_ऑब्जेक्ट’ या ओळीवर तो घातक चूक दाखवून थांबत होता. ती ओळ काढल्यावर ‘हायरार्की_स्टॉपलिस्ट’ आता कालबाह्य झाल्याचा संदेश आला. टिपणांत या दोन्ही ओळी ‘अत्यावश्यक’ म्हणून अधोरेखित केलेल्या होत्या. ती टिपणे स्क्विड २.७ या आवृत्तीची आहेत, हे मला दीड दिवसाने कळले, कारण त्यांत आवृत्तीचा आकडा कुठेच नव्हता. सरांचा यात दोष नाही. त्यांनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहिले होते आणि त्यांच्या काळी ते बरोबरच होते. परंतु माझ्यानंतर येणाऱ्या व्यक्तीवर अशी वेळ येऊ नये, म्हणून मी नवी पुस्तिका लिहायला घेतली आहे आणि ती मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या प्रयोगशाळा-सहायकाचे शिक्षण मराठीतून झाले असून रात्री-अपरात्री वीज गेली तर सर्व्हरजवळ पहिला तोच पोहोचतो.

माझ्या मसुद्यातील तीन वाक्ये इथे देते. ती तपासून द्यावीत, ही विनंती.

‘एचटीटीपी_अ‍ॅक्सेस’च्या (कोणाला परवानगी, कोणाला बंदी हे ठरवणाऱ्या) सर्व ओळी एकत्रितपणे लागू होतात, त्यामुळे एखादे संकेतस्थळ बंद करायचे असल्यास शेवटी एक ओळ वाढवावी. ‘कॅश_मेम’ म्हणजे स्क्विड जास्तीत जास्त किती मेमरी वापरू शकतो त्याची मर्यादा; आपल्याकडे ४ जीबी मेमरी असल्याने ती ३ जीबी ठेवली आहे, आणि डिस्कवरील कॅश (पुन्हा देता यावीत म्हणून साठवलेली पाने) १२० जीबी आहे. कोणताही बदल केल्यावर स्क्विड बंद करून पुन्हा सुरू करावा.

याशिवाय अधिकृत दस्तऐवजांतील मजकुराचे किती भाषांतर करावे, याविषयीही आपले मत हवे आहे. सगळे डायरेक्टिव्ह (स्क्विडच्या फाइलीतील आज्ञा) समजावून सांगायचे ठरवले तर पुस्तिका कधीच पूर्ण होणार नाही, अशी भीती वाटते.

रात्रपाळी

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीचे सर्व त्यावर अवलंबून आहे. अधिकृत दस्तऐवजांचे भाषांतर अजिबात करू नका. प्रत्येक डायरेक्टिव्हचा अर्थ, त्याचे मूळ मूल्य आणि तो कोणत्या आवृत्तीत बदलला, हे स्क्विडच्या स्वतःच्या दस्तऐवजांत आवृत्तीनिहाय दिलेले असते, आणि सर्व्हरवर स्क्विडबरोबर जी ‘स्क्विड.कॉन्फ.डॉक्युमेंटेड’ नावाची फाइल येते ती नेमकी तुमच्याच आवृत्तीची असते. त्या फाइलला जे ठाऊक नाही ते तुमच्या पुस्तिकेत यायला हवे: ही ओळ याच सर्व्हरवर का आहे, ती याच जागी का आहे, कोणी कधी घातली आणि ती काढली तर कोणाचे काम अडेल. मी पणजीत पंधरा वर्षे सर्व्हर सांभाळतो आहे. ‘काय’ सांगणारी टिपणे मला पुष्कळ मिळाली, ‘का’ सांगणारी फार थोडी.

आवृत्तीचा आकडा पहिल्या पानावर ठळक लिहा, आणि तो ‘स्क्विड -व्ही’ या आज्ञेने कसा पाहायचा तेही त्याच्याखाली लिहा. स्क्विड १९९६ पासून चालत आला आहे. हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातील कॅशपासून त्याची सुरुवात झाली. एवढ्या वर्षांच्या सूचना इंटरनेटवर एकमेकींशेजारी पडलेल्या आहेत आणि त्यांतील कोणती कोणत्या काळची, हे बघून सहज कळत नाही. ‘मॅनेजर’ हा एसीएल (नियमांत वापरायची, नाव दिलेली अट) ३.२ पासून स्क्विडमध्येच अंगभूत आहे, म्हणून जुन्या प्रकाराने त्याची पुन्हा व्याख्या केली की स्क्विड सुरू व्हायला नकार देतो. ‘एचटीटीपी_पोर्ट’च्या ओळीतील ‘ट्रान्सपरंट’ या शब्दाच्या जागी ३.१ पासून ‘इंटरसेप्ट’ आला. एखाद्या लेखात ‘एचटीटीपीडी_अ‍ॅक्सेल_होस्ट’ दिसले तर तो लेख २.६ च्याही आधीच्या पद्धतीचा आहे असे समजून बाजूला ठेवावा.

आता तुमचे पहिले वाक्य. ते चुकीचे आहे, आणि ही चूक पुस्तिकेत राहिली तर ती वर्षानुवर्षे त्रास देईल, म्हणून सविस्तर लिहितो. ‘एचटीटीपी_अ‍ॅक्सेस’च्या ओळी स्क्विड वरून खाली एकेक करून पाहतो आणि जी ओळ पहिल्यांदा जुळते तिचा निर्णय अंतिम मानून तिथेच थांबतो, खालच्या ओळी त्या विनंतीपुरत्या जणू अस्तित्वातच नसतात. त्यामुळे ‘लॅबला परवानगी’ ही ओळ वर असेल आणि बंदीची ओळ तुम्ही शेवटी वाढवलीत, तर बंदीपर्यंत स्क्विड कधी पोहोचणारच नाही. बंदीच्या ओळी परवानगीच्या वर हव्यात.

एकाच ओळीवर दोन एसीएल लिहिले असतील तर ते दोन्ही जुळावे लागतात. ‘एचटीटीपी_अ‍ॅक्सेस अलाउ लॅब तासिका’ याचा अर्थ, विनंती लॅबमधून आलेली असली पाहिजे आणि तासिकेची वेळही असली पाहिजे. हेच दोन एसीएल दोन स्वतंत्र ओळींवर लिहिलेत तर लॅबमधील कोणालाही कोणत्याही वेळी परवानगी मिळेल, आणि तासिकेच्या वेळी स्क्विडपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कोणालाही, मग तो लॅबमधला असो वा नसो. याउलट, एकाच एसीएलमध्ये चार मूल्ये दिली तर त्यांतील कोणतेही एक जुळले तरी पुरते. पुस्तिकेत हा नियम नुसता सांगू नका. तुमच्या फाइलीतील खरी ओळ घेऊन लॅबमधला विद्यार्थी, स्टाफरूममधील शिक्षक आणि बाहेरचा अनोळखी संगणक अशा तीन विनंत्या त्या ओळींमधून एकेक करून चालवून दाखवा. हे एक पान तुमच्या सहायकाला बाकीच्या सगळ्या पानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

शेवटी ‘एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय ऑल’ ठेवाच. एकही ओळ जुळली नाही तर स्क्विड शेवटच्या ओळीच्या उलट निर्णय घेतो. म्हणजे शेवटची ओळ एखाद्या संकेतस्थळाच्या बंदीची असेल, तर बाकी सगळ्या जगाला दार उघडे राहते.

तिसरे वाक्यही बदला. स्क्विड बंद करताना चालू जोडण्या संपाव्यात म्हणून तो वाट पाहतो. ‘शटडाउन_लाइफटाइम’चे मूळ मूल्य ३० सेकंद आहे. दर बदलाला ४६ मुलांना थांबवून ठेवण्याचे कारण नाही. आधी ‘स्क्विड -के पार्स’ने फाइल तपासावी, त्यात एकही चूक नसेल तरच ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’ द्यावा, म्हणजे चालू असतानाच तो नवी फाइल वाचून घेतो. हा क्रम मोडू नये, कारण चूक असलेली फाइल घेऊन रीकॉन्फिगर दिला तर चालू असलेला स्क्विडही कोसळू शकतो. ‘एचटीटीपी_पोर्ट’चा पत्ता किंवा ‘कॅश_डिर’ यांसारख्या मोजक्या बदलांसाठी मात्र मी पूर्ण बंद करून सुरू करणेच पसंत करतो.

मांडवीकाठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मेमरीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढे लिहितो.

‘कॅश_मेम’ ही स्क्विडच्या एकूण मेमरीची मर्यादा नाही. वाटेत असलेली आणि वारंवार मागितली जाणारी पाने मेमरीत ठेवण्यासाठी जी जागा राखली जाते, तेवढ्यापुरतीच ती आहे. तिचे मूळ मूल्य २५६ एमबी असते. त्याखेरीज डिस्कवर साठवलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद स्क्विड मेमरीत ठेवतो, आणि ६४ बिटांच्या यंत्रावर ही नोंद डिस्कच्या दर जीबीमागे साधारण १४ एमबी धरली जाते. तुमची १२० जीबीची डिस्क-कॅश भरली तर केवळ नोंदीसाठी सुमारे १.६ जीबी लागेल. त्यात ‘कॅश_मेम’चे ३ जीबी मिळवा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला काय उरते ते पाहा. हा हिशेब पुस्तिकेत आकड्यांसकट मांडा, म्हणजे उद्या कोणी मोठी डिस्क बसवली तर मेमरीचा विचार आधी करील.

पण त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: १२० जीबीची कॅश खरोखर कामाला येते का? ज्या काळी ही रचना झाली तेव्हा बहुतेक संकेतस्थळे साध्या एचटीटीपीवर होती आणि एका मुलाने उघडलेले पान दुसऱ्याला डिस्कवरून मिळत असे. आज जवळजवळ सगळे एचटीटीपीएसवर आहे. तिथे ब्राउझर स्क्विडला ‘कनेक्ट’ विनंती पाठवून फक्त संकेतस्थळाचे नाव आणि पोर्ट सांगतो. पुढचा सर्व मजकूर कुलूपबंद बोगद्यातून जातो आणि स्क्विडला तो वाचताही येत नाही, साठवताही येत नाही. तुमच्या ‘अ‍ॅक्सेस.लॉग’मधील एका दिवसाच्या नोंदी काढा आणि ‘टीसीपी_टनल’ (बोगद्यातून गेलेल्या) किती, ‘टीसीपी_हिट’ व ‘टीसीपी_मेम_हिट’ (कॅशमधून दिलेल्या) किती, हे मोजा. माझा अंदाज असा की बोगद्याच्या नोंदी इतक्या जास्त असतील की डिस्क-कॅश पाच-दहा जीबीवर आणण्यात काहीच बिघडणार नाही.

ती अजिबात काढून टाका असे मात्र मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच प्रश्नात आहे. डेबियनची पॅकेजे बहुधा साध्या एचटीटीपीवरूनच उतरवली जातात, कारण त्यांची सत्यता स्वाक्षरीने तपासली जाते. ४६ संगणक एकच अद्ययावत पॅकेज मागत असतील तर ते एकदाच बाहेरून येऊन ४५ वेळा तुमच्या डिस्कवरून दिले जाऊ शकते. अडचण एवढीच की ‘मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ’चे मूळ मूल्य ४ एमबी आहे आणि त्यापेक्षा मोठे पॅकेज साठवलेच जात नाही. ते २०० एमबीपर्यंत वाढवा आणि वाढवण्याचे हे कारण त्या ओळीच्या वर मराठीत लिहा.

पावसाळ्यातील विजेबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र पान असू द्या. सर्व्हर अचानक बंद पडला की ‘स्वॅप.स्टेट’ ही नोंदवही अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी स्क्विडला डिस्कवरील कॅशची जुळणी नव्याने करावी लागते. डिस्क मोठी तितका वेळ जास्त. तेवढा वेळ सर्व्हर मंद वाटला तर घाबरून पुन्हा बंद करू नये, असे स्पष्ट लिहा, कारण तसे केले की सगळे पहिल्यापासून सुरू होते. यूपीएसवरून सर्व्हर आपोआप बंद होण्याची सोय असेल तर तिने स्क्विडला निदान वर सांगितलेले ३० सेकंद आणि त्यावर थोडा वेळ द्यायला हवा.

फोंडा_वसतिगृह

मी मुलींच्या एका वसतिगृहाची प्रॉक्सी पाहते. वरच्या दोघांनी सर्व्हरच्या बाजूने लिहिले; मी तक्रार घेऊन दाराशी येणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण पुस्तिका त्या क्षणी उघडली जाते.

आमच्याकडे काही आठवडे दर शनिवारी मुलींना प्रवेश नाकारला जात होता आणि रविवारी, जेव्हा बंद असायला हवे होते तेव्हा, तो मिळत होता. वेळेच्या एसीएलमध्ये वारांची अक्षरे असतात आणि शनिवारसाठी ‘एस’ लिहिले होते. स्क्विडमध्ये ‘एस’ म्हणजे रविवार. शनिवारसाठी ‘ए’, आणि गुरुवारसाठी ‘एच’, कारण ‘टी’ मंगळवारला गेलेले आहे. ‘डी’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार. मी हे अक्षरांचे कोष्टक पुस्तिकेच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटवले आहे. तुमची शाळा शनिवारी अर्धा दिवस भरत असेल तर हे तुम्हालाही लागेल. सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे की जागतिक वेळेवर, हेही तिथेच लिहा. साडेपाच तासांच्या फरकाने सकाळची पहिली तासिका स्क्विडच्या लेखी मध्यरात्र ठरते.

दुसरी गोष्ट. एचटीटीपीएसवरील संकेतस्थळाला बंदी असते तेव्हा स्क्विडने तयार केलेले ‘प्रवेश नाकारला’ हे पान ब्राउझर दाखवतच नाही. तो प्रॉक्सीने जोडणी नाकारल्याचा स्वतःचा संदेश दाखवतो आणि मुले येऊन सांगतात की नेट बंद आहे. तुमच्या सहायकाला हे आधीच माहीत नसेल तर तो राउटर बंद-चालू करीत बसेल. म्हणून ‘नेट बंद आहे’ या शीर्षकाचे पान करा आणि त्यात पहिली पायरी लॉग पाहण्याची ठेवा. त्या संगणकाच्या पत्त्यापुढे ‘टीसीपी_डिनाइड’ आणि ४०३ दिसले तर स्क्विड चालू आहे व नियमानेच त्याने नकार दिला आहे. ४०७ दिसले तर नाव आणि पासवर्ड मागितला जात आहे. काहीच नोंद दिसली नाही तर विनंती स्क्विडपर्यंत पोहोचलेलीच नाही आणि शोध केबल, स्विच किंवा ब्राउझरमधील प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये घ्यायला हवा. लॉगमधील पहिला आकडा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, म्हणून तो वाचता येण्याजोग्या वेळेत कसा बदलायचा, याचीही एक ओळ द्या.

लॉगविषयी एक विनंती. त्यात अल्पवयीन मुलांनी काय पाहिले याची नोंद असते. ती कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवली जाते आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडली जाते, हे पुस्तिकेत लिहून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या.

भाषेबद्दल म्हणाल तर डायरेक्टिव्हच्या नावांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका; जसे टंकायचे तसेच लिहा आणि भोवतीचे स्पष्टीकरण मराठीत असू द्या. फाइलीत टिप्पणी मात्र स्वतंत्र ओळीवर लिहा, आज्ञेच्या शेपटीला जोडू नका.

मांडवीकाठ

एक पुरवणी. टिप्पण्या फाइलीत हव्यातच, पण सर्व्हर सुरूच होत नसेल तेव्हा फाइल वाचता येत नाही. छापील प्रत सर्व्हरशेजारी असू द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत; आपल्याकडच्या ओलीत कागद दोन पावसाळ्यांतच चिकटू लागतो. पासवर्ड त्या प्रतीत लिहू नका.

साखळीची_लॅब

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल दुपारी लॉग मोजला. एका दिवसाच्या नोंदींपैकी बहुतांश खरोखरच ‘टीसीपी_टनल’च्या निघाल्या, आणि हिट ज्या होत्या त्या जवळजवळ सगळ्या डेबियनच्या पॅकेजांच्या. डिस्क-कॅश १० जीबीवर आणली, ‘कॅश_मेम’ ५१२ एमबी केले आणि कारण दोन्ही ओळींच्या वर मराठीत लिहिले. शनिवारचे अक्षर पाहिले तर सरांनी ‘ए’च लिहिले होते, ती चूक समजून मी बदलण्याच्या बेतात होते.

पहिले वाक्य आता असे लिहिले आहे: ‘ओळी वरून खाली पाहिल्या जातात, पहिली जुळणारी ओळ निर्णय देते, म्हणून बंदी आधी आणि परवानगी नंतर, शेवटची ओळ सर्वांना नकार देणारी असावी आणि ती कधीही हलवू नये.’ त्याखाली विद्यार्थी, शिक्षक आणि अनोळखी संगणक यांचा प्रवास ओळीओळीने दाखवला आहे.

एक शंका उरली. आमचे सगळे नियम एकाच मोठ्या ‘स्क्विड.कॉन्फ’मध्ये आहेत. अद्ययावत करताना सिस्टिमने जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ असे विचारले होते आणि मी न समजताच जुनी ठेवली. पुढच्या वेळी काय करावे?

रात्रपाळी

डेबियनच्या सध्याच्या ‘स्क्विड.कॉन्फ’मध्ये एक ‘इन्क्लूड’ची ओळ असते, ती ‘कॉन्फ.डी’ या फोल्डरमधील ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइली वाचून घेते. तुमचे एसीएल आणि परवानग्या त्या फोल्डरात स्वतःच्या फाइलीत हलवा आणि मुख्य फाइल पॅकेजने दिली तशीच राहू द्या. मग पुढच्या वेळी नवी फाइल बिनधास्त घेता येईल. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून ‘१०-बंदी’ आणि ‘२०-परवानगी’ अशा अर्थाची, आकड्याने सुरू होणारी नावे रोमन अक्षरांत द्या, म्हणजे ‘बंदी आधी’ हा क्रम नावांतूनच पाळला जाईल. हलवण्यापूर्वी पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवा.

हलवल्यावर ‘इन्क्लूड’ची ओळ नेमकी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. असुरक्षित पोर्ट नाकारणारी आणि ‘एसएसएल_पोर्ट्स’खेरीज इतरत्र ‘कनेक्ट’ नाकारणारी, या दोन ओळी तिच्या वर असायला हव्यात, आणि सर्वांना नकार देणारी ओळ तिच्या खाली. तशी मांडणी असेल तर तुमच्या स्वतःच्या फाइलीत ‘डिनाय ऑल’ पुन्हा लिहू नका. लिहिलेत, आणि मुख्य फाइलीत ‘लोकलहोस्ट’ची (खुद्द सर्व्हरची) परवानगी ‘इन्क्लूड’च्या खाली असेल, तर ती कधीच वाचली जाणार नाही, आणि सर्व्हरवरूनच प्रॉक्सी तपासायला बसलेल्या माणसाला ४०३ दिसेल.

साखळीची_लॅब

हलवले. ‘पार्स’मध्ये चूक नाही. आधी सर्व्हरवरून आणि मग लॅबच्या सतराव्या संगणकावरून स्क्विडच्या ३१२८ पोर्टवर तपासले. दोन्हींकडे पाने उघडतात, आणि बंदी असलेल्या संकेतस्थळापुढे लॉगमध्ये ४०३ येतो. उद्या सहायकाला पुस्तिका देऊन, मी खोलीबाहेर थांबून, त्याच्याकडून एक नवी बंदी घालून घेणार आहे. तो जिथे अडेल ती पाने पुन्हा लिहीन.